चार प्रशिक्षित माणसे आणि न विचारलेला प्रश्न : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण प्रशिक्षणाच्या वर्गासाठी रचलेले आहे. गुन्ह्याला आणि हिंसेला बळी पडलेल्यांना आधार देण्याच्या कामात वारंवार दिसणारे प्रसंग एका घटनाक्रमात गुंफले आहेत. त्यामुळे यातील महिला, केंद्र किंवा कर्मचारी प्रत्यक्षात कोठे शोधता येणार नाहीत. प्रशिक्षण नसल्यामुळे काय बिघडते हे सांगणारी प्रकरणे पुष्कळ असतात. हे प्रकरण निवडण्याचे कारण नेमके उलटे आहे. येथे महिलेशी बोललेल्या चारही व्यक्तींनी प्रशिक्षण घेतलेले होते, चौघेही शिकवल्याप्रमाणेच वागले, आणि तरीही तिच्या जिवाला असलेला धोका चौघांच्याही नजरेतून निसटला.

घटनाक्रम

तिशीच्या आसपासच्या एका महिलेने जोडीदाराने मारहाण केल्यानंतर त्याच रात्री मदतवाहिनीवर फोन केला. फोन घेणारी स्वयंसेविका अनुभवी होती. तिने महिलेचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकले, जे घडले त्यात तुमचा दोष नाही असे स्पष्ट सांगितले आणि आत्ता बोलणे सुरक्षित आहे ना, याची खात्री करून घेतली. बोलण्याच्या ओघात महिला म्हणाली, "त्याने गळा धरला, मग मधलं नीट आठवत नाही." स्वयंसेविकेने उत्तर दिले की, आठवत नसेल तर आठवण्याचा ताण घेऊ नका. नोंदवहीत तिने लिहिले : मारहाण, तपशील सांगण्याच्या मनःस्थितीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला आधार केंद्रात आली. समुपदेशिकेशी झालेल्या सुमारे तासाभराच्या संवादात मुलाचा ताबा, हातात नसलेला पैसा आणि नातेवाईक काय म्हणतील याची भीती हेच विषय प्रामुख्याने आले. त्या रात्रीबद्दल सांगताना तिचा हात दोनदा स्वतःच्या गळ्याकडे गेला. समुपदेशिकेला ते दिसले होते, पण समोरची व्यक्ती जेवढे सांगेल तेवढ्यावरच थांबायचे, तिच्या गतीने जायचे, हे तिच्या शिक्षणाचे पहिले तत्त्व होते. तिने सारांश लिहिला : दीर्घकालीन शारीरिक व मानसिक हिंसा. याच संवादात महिलेने आठवडाभरात घर सोडण्याचा विचार असल्याचेही सांगितले, आणि ती बाब ‘पुढील नियोजन’ या रकान्यात वेगळी नोंदवली गेली.

त्यानंतर परिचारिकेने तपासणी केली. दंडावरचे वळ आणि मनगटाची सूज तिने शरीराच्या आकृतीवर काळजीपूर्वक दाखवली. मानेवर काही दिसले नाही म्हणून ‘मानेवर खूण नाही’ असे लिहिले. महिलेचा आवाज बसलेला होता, तो रडण्यामुळे असावा असे तिला वाटले. दुपारी पोलिस अधिकाऱ्याने तक्रार घेतली. पीडितांना तेच तेच पुन्हा सांगायला लावू नये, हे त्याला प्रशिक्षणात शिकवलेले होते, म्हणून त्याने केंद्राचा सारांश आणि तपासणीचा कागद समोर ठेवला, मोजके प्रश्न विचारले आणि साधी मारहाण अशी नोंद केली.

तिसऱ्या दिवशी तिला गिळताना त्रास होऊ लागला आणि डोक्याची एक बाजू ठणकू लागली. ती घशाच्या तक्रारीसाठी दुसऱ्याच एका डॉक्टरांकडे गेली. त्यांनी आवाज ऐकून पहिलाच प्रश्न केला, की कोणी गळा दाबला होता का. रक्तवाहिन्यांच्या चित्रणात मानेतील मुख्य धमनीच्या आतल्या थराला चीर पडल्याचे दिसले. उपचार वेळेवर सुरू झाले आणि पक्षाघात टळला. महिलेच्या संमतीने डॉक्टरांनी केंद्राला कळवले, आणि त्यातून या प्रकरणाचा आढावा सुरू झाला.

आढाव्यात काय दिसले

आढावा घेणाऱ्यांनी सर्वप्रथम महिलेलाच विचारले, आणि ते योग्यच झाले. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं. कोणी पुढे काही विचारलं नाही, म्हणून मला वाटलं ते तेवढं महत्त्वाचं नसेल." या एका वाक्याने चर्चेचा रोख बदलला. तोपर्यंत केंद्रातील समज अशी होती की न विचारणे म्हणजे आदर. समोरच्या व्यक्तीने मात्र त्या शांततेचा अर्थ स्वतःच्या जखमेचे मोजमाप म्हणून घेतला होता.

चारही नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर दुसरी गोष्ट उघड झाली. माहिती कोणी दडवली नव्हती. ती प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी पातळ होत गेली होती. ‘गळा धरला, मधलं आठवत नाही’ या शब्दांची ‘मारहाण’ झाली, मारहाणीची ‘शारीरिक हिंसा’ झाली, आणि परिचारिकेच्या ‘खूण नाही’ या शेऱ्याने उरलेली शंकाही पुसून टाकली. प्रत्येकाने आधीच्या कागदावर विश्वास ठेवला, आणि पुन्हा विचारू नये या शिकवणीमुळे तो विश्वास तपासून पाहण्याची वेळ कोणावरच आली नाही.

गळ्याचा प्रश्न इतर मारहाणीपेक्षा वेगळा का मानायचा, हे येथे नीट सांगणे भाग आहे, कारण सहानुभूतीवर भर देणाऱ्या बहुतेक प्रशिक्षणात हा भाग वैद्यकीय म्हणून वगळला जातो. मानेवर दाब पडला की आधी रक्त परत नेणाऱ्या शिरा बंद होतात, थोड्या अधिक दाबाने मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या बंद होतात. श्वासनलिका बंद व्हायला त्याहून कितीतरी जास्त जोर लागतो. म्हणूनच श्वास चालू असतानाही माणूस सुमारे 10 सेकंदांत बेशुद्ध होऊ शकतो, आणि शुद्धीवर आल्यावर आपण बेशुद्ध झालो होतो हेच त्याला माहीत नसते. ‘मधलं आठवत नाही’ हे वाक्य मानसिक आघातामुळे विस्कळीत झालेल्या स्मृतीचे लक्षण असू शकते, तसेच मेंदूला रक्त न मिळाल्याचेही असू शकते. स्वयंसेविकेला पहिली शक्यता शिकवलेली होती, दुसरी नव्हती.

खूण नसण्याचेही तसेच आहे. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे गळा दाबण्याच्या 300 प्रकरणांचा आढावा घेण्यात आला आणि तो 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या प्रकरणांत बाहेरून कोणतीही इजा दिसत नव्हती, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच प्रकरणांतील खुणा छायाचित्रात पकडता येण्याइतक्या ठळक नव्हत्या. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत किंवा पापण्यांवर बारीक लाल ठिपके, त्या वेळी नकळत लघवी होणे ही लक्षणे विचारल्याशिवाय समोर येत नाहीत. शेवटचे तर लाजेपोटी कोणी आपणहून सांगतच नाही. धमनीला पडलेल्या चिरेचे परिणाम काही तासांनी किंवा काही दिवसांनी दिसू शकतात.

पुढच्या धोक्याचा भाग याहून गंभीर आहे. परिचर्याशास्त्रातील संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी 1980 च्या दशकात जोडीदाराकडून होणाऱ्या हत्येचा धोका ओळखण्यासाठी प्रश्नावली तयार केली, आणि गळा दाबण्याविषयीचा प्रश्न तिचा भाग आहे. याआधी गळा दाबला गेलेल्या स्त्रीला त्याच जोडीदाराकडून पुढे जिवे मारले जाण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. नाते तोडण्याचा काळही धोक्याचाच मानला जातो. या प्रकरणात दोन्ही गोष्टी एकाच तासात बोलल्या गेल्या होत्या. एक सारांशात विरघळली आणि दुसरी नियोजनाच्या रकान्यात बसली, त्यामुळे दोन्ही एकत्र वाचण्याची कोणाला गरजच भासली नाही.

न विचारण्याची सवय कोठून आली

समुपदेशिकेला किंवा स्वयंसेविकेला दोष देऊन हा आढावा संपवता आला असता. तसे न करता प्रशिक्षणाचे जुने साहित्य काढून वाचले गेले, आणि मला या अभ्यासातला सर्वांत उपयोगी भाग तोच वाटतो.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 29 नोव्हेंबर 1985 रोजी ठराव क्रमांक 40/34 द्वारे गुन्ह्यांना आणि सत्तेच्या गैरवापराला बळी पडलेल्यांसाठी न्यायाची मूलभूत तत्त्वे जाहीर केली. पोलिस, न्याययंत्रणा, आरोग्य आणि समाजसेवा या क्षेत्रांतील कर्मचाऱ्यांना पीडितांच्या गरजांची जाणीव करून देणारे प्रशिक्षण मिळावे, असे त्यात म्हटले आहे. युरोपीय संघाने 2012 मध्ये काढलेल्या पीडितांच्या हक्कांविषयीच्या निर्देशात प्रशिक्षणासाठी स्वतंत्र कलम आहे, आणि तपासादरम्यान जबाब कमीत कमी वेळा व अत्यावश्यक असेल तेव्हाच घ्यावेत असेही सांगितले आहे. गुन्हेगाराने केलेल्या इजेवर यंत्रणेने आणखी इजा करू नये, हा या सगळ्यामागचा विचार आहे, आणि तो कष्टाने मिळवलेला आहे. या दरम्यानच्या काळात मानसशास्त्रातही एक धडा मिळाला होता. दुर्घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सर्व काही बोलून घ्यायला लावण्याच्या पद्धतीने मानसिक विकार टळत नाहीत आणि काहींचे नुकसानही होऊ शकते, असा निष्कर्ष पुराव्यांच्या पद्धतशीर आढाव्यांतून निघाला. त्यामुळे घटनेचा तपशील उकरून काढू नका, हा नियम योग्य कारणानेच प्रशिक्षणात आला.

अडचण झाली ती नियम वर्गातून वर्गाकडे जाताना. ‘भावनिक तपशील वदवून घेऊ नका’ या सूचनेचे ‘तपशील विचारू नका’ असे रूप झाले, आणि पुढच्या तुकडीपर्यंत पोहोचताना ‘प्रश्न शक्यतो टाळा’ एवढेच उरले. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वे आणि त्यापाठोपाठ आलेली आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीची पुस्तिका पाहिली तर असा अर्थ मुळीच निघत नाही. तेथे ऐकणे, गरजा व चिंता विचारणे, विश्वास दाखवणे, सुरक्षितता वाढवणे आणि पुढील आधाराशी जोडून देणे या पाच पायऱ्या आहेत. केंद्राच्या प्रशिक्षणात पहिल्या आणि तिसऱ्या पायरीला दोन दिवस मिळाले होते. चौथ्या पायरीसाठी शेवटच्या दुपारी एक माहितीपत्रक वाटले गेले होते.

आणखी एक कारण आढाव्यात दबक्या आवाजात पुढे आले. विचारल्यावर उत्तर ‘हो’ आले तर काय करायचे, हे बहुतेकांना ठाऊक नव्हते. ज्या उत्तराचे पुढे काय करायचे ते माहीत नाही, त्याचा प्रश्न माणूस टाळतो, आणि त्या टाळण्याला संवेदनशीलता हे नाव देणे सोपे असते.

नव्या प्रशिक्षणाची घडण

बदल ठरवताना पहिला निर्णय विषयांची यादी न वाढवण्याचा झाला. तीन प्रश्न निवडले गेले आणि प्रत्यक्ष भेटीत सर्वप्रथम जी व्यक्ती भेटेल तिनेच ते विचारायचे, असे ठरले. त्याने कधी तुमच्या गळ्यावर किंवा मानेवर दाब दिला का, किंवा श्वास कोंडेल असे काही केले का? त्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्ध हरपली, किंवा मधला काही वेळ आठवत नाही असे झाले का? त्यानंतर आवाज, गिळणे, श्वास, दृष्टी किंवा डोकेदुखी यांत काही बदल जाणवतो का? प्रश्नांआधी ते का विचारले जात आहेत हे सांगायचे, उत्तर न देण्याची मोकळीक आहे हेही सांगायचे, आणि संवाद पूर्णपणे खासगी असेल तरच विचारायचे. जोडीदार, नातेवाईक किंवा बोलणे कळण्याच्या वयाचे मूल खोलीत असेल, किंवा दुभाष्याचे काम घरातलीच व्यक्ती करत असेल, तर प्रश्न पुढे ढकलायचा आणि तसे नोंदवायचे. उत्तर होकारार्थी आले तर त्याच दिवशी वैद्यकीय तपासणीची शिफारस करायची, त्यामागचे कारण न घाबरवता समजावायचे आणि घर सोडण्याच्या बेताचा सुरक्षिततेच्या दृष्टीने नव्याने विचार करायचा.

तीन प्रश्न पाठ होण्यास दहा मिनिटे पुरतात. ते विचारता येण्यास फार वेळ लागला. भूमिकानाट्याच्या सरावात सर्वांत जास्त आढळलेला दोष असा की प्रशिक्षणार्थी प्रश्नाच्या पोटातच उत्तर भरत. "गळा वगैरे दाबला नाही ना?" असे विचारले की समोरची व्यक्ती विचारणाऱ्याची सुटका करण्यासाठी ‘नाही’ म्हणून टाकते. काही जण प्रश्न विचारताना कागदाकडे पाहत, काही जण उत्तराआधीची शांतता सहन न होऊन स्वतःच पुढचा प्रश्न सुरू करत. अनुभवी समुपदेशकांना हे नवख्यांपेक्षा अधिक जड गेले, कारण थेट प्रश्न विचारणे म्हणजे पोलिसी खाक्या अशी त्यांची वर्षानुवर्षांची धारणा होती. त्यांचे मन वळले ते व्याख्यानाने नव्हे, तर अदलाबदलीने : महिलेच्या भूमिकेत बसल्यावर, शांतपणे आणि कारण सांगून विचारलेला थेट प्रश्न दिलासा देतो, हे त्यांनीच अनुभवले.

सराव एकदाच घेऊन थांबायचे नाही, हे ठरवण्यामागे ठोस आधार होता. व्यसनाधीनतेच्या क्षेत्रातील समुपदेशकांना संवादाचे विशिष्ट कौशल्य शिकवण्याच्या पद्धतींची तुलना करणारी एक यादृच्छिक चाचणी (सहभागींना चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत विभागून केलेला अभ्यास) 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ कार्यशाळेला बसलेल्यांपेक्षा, कार्यशाळेनंतर प्रत्यक्ष कामावर अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालेल्यांचे कौशल्य अधिक टिकले, असे तिच्यात दिसले. त्याला धरून केंद्राने तीन दिवसांचे प्रशिक्षण दीड दिवसावर आणले आणि वाचलेला वेळ पुढच्या महिन्यांतील छोट्या सराव बैठकांना दिला. या काटछाटीला विरोध झाला. प्रमाणपत्रावर तीन दिवस लिहिलेले असले की निधी देणाऱ्यांचे समाधान होते, हे वास्तव आहे आणि त्याकडे डोळेझाक करण्यात अर्थ नाही.

दुसरा बदल हस्तांतरणाचा. आता एकच पान महिलेसोबत पुढे जाते. त्यावर धोक्याशी संबंधित वाक्ये तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहिली जातात, सारांश केला जात नाही. पान तिला वाचून दाखवले जाते आणि ते कोणाकोणाला द्यायचे हे ती ठरवते. तिने पुन्हा सांगावे लागू नये हा मूळ हेतू या पानाने खऱ्या अर्थाने साधला जातो, कारण पुढची व्यक्ती आता तिसऱ्याच कोणाच्या सारांशावर अवलंबून राहत नाही. परिचारिकेच्या अर्जात ‘खूण नाही’ या पर्यायाशेजारी लक्षणांचा स्वतंत्र रकाना आला. शिवाय समुपदेशक, परिचारिका, पोलिस आणि स्वयंसेवक यांचे वर्ग, जे पूर्वी वेगवेगळे होत, ते या एका भागापुरते एकत्र घेतले जाऊ लागले. पहिल्याच एकत्रित वर्गात पोलिस अधिकाऱ्याने सांगितले की, तुमच्या सारांशात गळ्याचा उल्लेख नसेल तर तसे घडलेच नाही असे मी धरून चालतो. समुपदेशिकेला वाटत होते की तो तपशील पोलिस स्वतंत्रपणे विचारतातच.

समुपदेशिकेविषयी थोडे. डॉक्टरांचा फोन आल्यानंतर काही आठवडे ती प्रत्येक महिलेच्या मानेकडे पाहत राहायची आणि घरी गेल्यावरही ते चित्र तिच्यापुढून हटत नसे. इतरांच्या आघाताशी सतत संबंध आल्याने मदत करणाऱ्याच्या मनावर होणाऱ्या परिणामांचे वर्णन मानसशास्त्रज्ञ मॅक्कॅन आणि पर्लमन यांनी 1990 मध्येच केले आहे. केंद्राने तिला रजा देऊ केली; तिने नियमित पर्यवेक्षण आणि काही काळ कमी प्रकरणे मागितली. ती मागणी मान्य झाली.

परिणाम कसा तपासला

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडलेल्या चौकटीत प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार पातळ्यांवर होते : सहभागींना ते कसे वाटले, ते काय शिकले, कामावर त्यांचे वर्तन बदलले का, आणि त्यातून अपेक्षित परिणाम झाला का. जुन्या प्रशिक्षणाचे अभिप्राय अर्ज उत्तम होते, पण ते पहिल्या पातळीपलीकडे जात नव्हते. आता संमती घेऊन, ओळख काढून टाकलेल्या नोंदी वाचल्या जातात. सुरुवातीला तिन्ही प्रश्नांपुढे ‘विचारले’ अशी खूण सर्रास दिसू लागली आणि समाधान वाटले. परंतु काही कर्मचाऱ्यांच्या नोंदींत झाडून सारी उत्तरे ‘नाही’ होती. तेवढ्यावरून कोणी खोटे लिहिते असे म्हणता येत नाही, तरी प्रश्न कसा विचारला जातो हे पाहण्याची गरज त्यातून कळली, आणि त्या कर्मचाऱ्यांच्या सराव बैठकांत तोच जुना ‘नाही ना?’ पुन्हा ऐकू आला.

न मिटलेले मुद्दे

केंद्राला कायदेशीर सल्ला देणाऱ्या वकिलांची हरकत अजून कायम आहे. पहिल्या भेटीत ‘शुद्ध हरपली नाही’ असे सांगणारी स्त्री, आपण बेशुद्ध झालो होतो हे नंतर लक्षात आल्यावर वेगळे सांगेल, आणि न्यायालयात बचाव पक्ष त्या पानाचाच वापर विसंगती दाखवण्यासाठी करील, अशी त्यांची भीती आहे. ती निराधार नाही. तूर्त तोडगा असा की पानावर फक्त तिचे शब्द आणि तारीख-वेळ असावी, कर्मचाऱ्याचा निष्कर्ष नसावा, आणि अशा प्रसंगी स्मृतीत खंड का पडतो याविषयी तज्ज्ञ साक्ष देता येईल अशा डॉक्टरांशी आधीच संपर्क ठेवावा. याने वकिलांचे पूर्ण समाधान झालेले नाही. माझ्या मते उद्याच्या उलटतपासणीतील संभाव्य अडचणीसाठी आजची तपासणी टाळणे परवडणारे नाही, पण हा तोल प्रत्येक ठिकाणच्या पुराव्याच्या कायद्यानुसार वेगळा साधावा लागेल.

मदतवाहिनीचा प्रश्न वेगळा आहे. फोनवर खासगीपणाची खात्री देता येत नाही, समोरची व्यक्ती केव्हाही फोन ठेवू शकते, आणि होकार मिळाला तरी शारीरिक तपासणी हाताशी नसते. स्वयंसेवकांनी तिन्ही प्रश्न विचारावेत असा एक पक्ष होता, एकही विचारू नये असा दुसरा. शेवटी असे ठरले की महिलेने स्वतः गळ्याचा उल्लेख केला तर स्वयंसेवकाने केवळ लक्षणांचा, म्हणजे तिसरा प्रश्न विचारावा, त्रास असल्यास तातडीच्या वैद्यकीय मदतीचा मार्ग सांगावा, आणि तिचे मूळ वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवावे. ही व्यवस्था सहा महिन्यांसाठी आहे. त्यानंतर रात्रपाळीच्या स्वयंसेवकांचे म्हणणे ऐकून तिचा फेरविचार होणार आहे.